आयडीआय की डीआय? छोट्या ट्रकच्या डिझेल इंजिनातला नेहमीचा घोळ

जुना छोटा हत्ती नाहीतर पिकअप घ्यायला निघालेला माणूस आयडीआय आणि डीआय या दोन शब्दांत हमखास गोंधळतो. एक अक्षर जास्त म्हणून कित्येकांना वाटतं आयडीआय म्हणजे डीआयचं पुढचं मॉडेल असणार. तसं नाहीये. डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, थेट फवारा, आणि आयडीआय म्हणजे इनडायरेक्ट इंजेक्शन, आडवळणाने फवारा, आणि छोट्या गाड्यांत तर आयडीआय आधी आलं, डीआय नंतर.

फरक एवढाच बघायचा की डिझेलचा फवारा पडतो कुठे. डीआयमध्ये नोझल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारतं, पिस्टनला वर खोलगट वाटी असते आणि जाळ तिथेच लागतो. आयडीआयमध्ये हेडच्या, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणाच्या, आत एक छोटी वेगळी खोली असते, पिस्टन वर आला की हवा अरुंद तोंडातून त्या खोलीत घुसते, नोझल तिथे डिझेल सोडतं, जाळ आधी खोलीत लागतो आणि मग त्याच तोंडातून बाहेर येऊन पिस्टनला खाली ढकलतो. कुठे हेड उतरवलेलं इंजिन दिसलं तर पिस्टन बघा, खोल वाटी असेल तर डीआय, जवळपास सपाट असेल तर आयडीआय.

आता ही खोली महागात कुठे पडते तर तिच्या भिंतींमधून बरीच उष्णता हेड थंड ठेवणाऱ्या पाण्यात निघून जाते आणि त्या अरुंद तोंडातून हवा आत-बाहेर करण्यात ताकद वाया जाते, म्हणून तेवढ्याच कामाला डीआय साधारण १० ते २० टक्के कमी डिझेल पितं. ॲव्हरेजवर धंदा करणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. दुसरं म्हणजे सकाळचं स्टार्टिंग. माझ्या काकांची भाजीची गाडी आयडीआय होती, डिसेंबरात पहाटे मार्केटला निघायचं तर आधी हिटर, मग सेल्फ, हा नियम काका कधीच मोडू द्यायचे नाहीत, हिटरचा दिवा विझेपर्यंत आम्ही पोरं गप्प बसून त्याच्याकडे बघत राहायचो. थंड खोलीत दाबलेली हवा लगेच गार पडते म्हणून हे हिटर प्लग लागतात, आणि म्हणूनच आयडीआयचं कॉम्प्रेशनही, म्हणजे हवा किती पट दाबायची ते, जास्त ठेवतात, २२ पटींच्या आसपास, तर डीआयला १७-१८ मध्ये भागतं.

मग डिझेल जास्त खाणारं हे इंजिन छोट्या गाड्यांनी इतकी वर्षं का धरून ठेवलं? मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. खोलीची कल्पना जर्मनीतल्या बेंझ कंपनीच्या प्रॉस्पर लोरांज यांची, पेटंट १९०९ चं. १९२० च्या दशकात बेंझचा डिझेल ट्रक खोलीवाला होता तर मान (MAN) कंपनीने १९२४ मध्ये थेट फवाऱ्याचा आणला, म्हणजे दोन्ही वाटा जवळपास बरोबरच निघाल्या. मोठ्या ट्रकला पुढे डीआय परवडलं, पण छोट्या सिलेंडरमध्ये थेट फवारा हवेत मिसळायच्या आत भिंतीला जाऊन आपटतो, आणि इंजिन ४००० आरपीएमला फिरत असेल तर मिसळायला वेळच उरत नाही. खोलीत मात्र हवाच इतकी गरगर फिरते की मिसळायचं काम तीच करते, साधं नोझल आणि कमी प्रेशरचा पंप चालून जातो, वर आवाजही मऊ येतो. डीआयची ती खडखड ज्याने ऐकलीय त्याला हे लगेच कळेल. हे कोडं हलक्या गाडीत पहिल्यांदा नीट सोडवलं फोर्डने, १९८४ ला युरोपातल्या ट्रान्झिट व्हॅनमध्ये अडीच लिटरचं डीआय बसवून.

आपल्याकडे आकुर्डीला बजाज टेम्पो मर्सिडीजचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन बनवायची, ते खोलीवालंच. आणि २००५ चा टाटा एस म्हणजे छोटा हत्ती, त्याचं इंजिन इंडिकाच्या १४०५ सीसी आयडीआयला मधोमध कापल्यासारखं, दोनच सिलेंडर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर. स्वस्त आणि साधं इंजिन हवं होतं, तिथे आयडीआय अगदी बरोबर बसलं.

अजून एक गैरसमज म्हणजे कॉमन रेल हा तिसरा प्रकार आहे असं धरून चालणं. कॉमन रेल हे पण डीआयच आहे, फक्त डिझेल आधी एका नळीत हजार बारच्याही वर (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) दाबून ठेवतात आणि कधी, किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, थोडं डिझेल आधी सोडून ती खडखडही कमी करता येते. महिंद्राच्या २५२३ सीसी इंजिनावर डीआय आणि डीआयसीआर अशी दोन नावं दिसतात, त्यातलं सीआर म्हणजे हेच.

तर जुनी आयडीआय गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका, इंजिन गारच असू द्या, सकाळी लवकर जा आणि हिटर देऊन पहिल्या सेल्फला उचलते का ते स्वतः बघा. खूप सेल्फ खात असेल, पांढरा धूर सोडत असेल तर आधी हिटर प्लग तपासून घ्या, ते चांगले निघाले तरी तशीच असेल तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.