अली विरुद्ध मार्सियानो: तेराव्या राउंडचा निकाल आला कुठून?

मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो, दोघंही हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन, ऐन भरात असताना समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं, हा वाद निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, "अरे तो निकाल कॉम्प्युटरने कधीच दिलाय, मार्सियानो, तेरावा राउंड, नॉकआउट." तो निकाल कसा तयार झाला हे मात्र फारसं कोणी बघत नाही, आणि निम्मा गोंधळ तिथेच आहे.

मार्सियानोचा रेकॉर्ड सगळ्यांना पाठ आहे, ४९ फाइट्स, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट, १९५६ ला रिटायर. उंची पाच फूट दहाच्या आसपास, हात हेवीवेटच्या मानाने आखूड, म्हणून वाकून आत घुसायचं आणि दंड, बरगड्या, जे समोर येईल त्यावर मारत राहायचं. अली बरोबर उलटा, सहा फूट तीन, हात खाली सोडलेले, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, टाकून मागे झुकायचं आणि समोरच्याचा ठोसा हवेत जाऊ द्यायचा.

आता १९६७. त्या एप्रिलमध्ये अलीने सैन्यभरतीला नकार दिला, लायसन्स गेलं, टायटल गेलं, वय फक्त २५. त्याच वर्षी मायामीच्या एका रेडिओ प्रोड्युसरने जुन्या-नव्या चॅम्पियन्सची काल्पनिक टूर्नामेंट काढली, निकाल कॉम्प्युटर देणार. फायनलमध्ये मार्सियानोने जुना चॅम्पियन डेम्प्सीला हरवलं आणि अली त्याआधीच जेफ्रीजकडून हरून बाहेर. जेफ्रीज म्हणजे तोच, ज्याला १९१० मध्ये पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन जॅक जॉन्सनला हरवायला, गोऱ्यांची इज्जत परत मिळवायला म्हणून रिटायरमेंटमधून ओढून आणलं होतं. खऱ्या रिंगमध्ये बंदी आणि रेडिओवर याच माणसाकडून हार, अली भडकणारच, त्याने थेट दहा लाख डॉलर्सचा दावा ठोकला. तडजोडीतून निघाली फिल्म: १९६९ च्या उन्हाळ्यात अली आणि मार्सियानो मायामीत कॅमेऱ्यासमोर एक-एक मिनिटाचे ढीगभर राउंड खेळले. मार्सियानो ४५ वर्षांचा, वजन बरंच उतरवलेला, डोक्यावर केसांचा टोप. शेवट वेगवेगळे शूट केले, कुठला वापरणार हे दोघांनाही सांगितलं नाही. शूटिंगनंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्टला, मार्सियानो विमान अपघातात गेला. २० जानेवारी १९७० ला फिल्म एकाच रात्री थिएटर्समध्ये लागली आणि लोकांनी मार्सियानोचा नॉकआउट बघितला. ब्रिटनमध्ये मात्र मार्सियानोच्या जखमांमुळे फाइट थांबून अली जिंकतो तो शेवट दाखवला असं सांगितलं जातं.

म्हणजे मशीन एक आणि निकाल दोन. मुळात मशीनला भरवलं काय होतं, तर बॉक्सिंग पत्रकार आणि जाणकारांकडून मागवलेली मतं, कोणाचा जबडा किती मजबूत, कोणात किती हिंमत वगैरे. मत आकड्यात लिहिलं म्हणून मोजमाप होत नाही. आणि ती मतं कुठल्या काळातली? बऱ्याच जुन्या पत्रकारांना अली तोंडाळ वाटायचा, पळपुटा वाटायचा, कॅशियस क्ले सोडून घेतलेलं त्याचं नवीन नावसुद्धा ते घेत नव्हते. शिवाय तेरावा राउंडच का? १९५२ मध्ये फिलाडेल्फियात मार्सियानो तेव्हाचा चॅम्पियन वॉलकॉटविरुद्ध तिन्ही जजच्या गुणांवर मागे होता आणि तेराव्यातच एका उजव्या ठोशाने टायटल घेऊन गेला. रेडिओवर डेम्प्सीसुद्धा तेराव्यातच पडला. माझ्या मते हे गणित नाही, आठवणीतली एक भारी गोष्ट पुन्हा पुन्हा चालवलेली आहे.

मार्सियानोवाले पुरावा म्हणून ८ मार्च १९७१ दाखवतात. बुटका, आत घुसणारा फ्रेझियर, पंधराव्या राउंडला डावा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा), अली खाली, फाइट गेली. मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण तो अली साडेतीन वर्षं बसून परत आलेला, पाय जड झालेला. आपण ज्याच्याबद्दल भांडतो तो १९६६-६७ चा अली आहे, ज्याला पकडणंच मुश्किल होतं. आणि तो खाली पडायचा ते डाव्या हुकने, १९६२ मध्ये बँक्स, १९६३ मध्ये कूपर, मग फ्रेझियर. मार्सियानोचा डावाही वाईट नव्हता, पण त्याचं खरं हत्यार उजवा हात, आणि उजव्या हातापासून मागे झुकणं अलीला त्या वयात सहज जमायचं.

मार्सियानोच्या चामडीचं तर कोणी बोलतच नाही. १९५४ च्या माजी चॅम्पियन एझर्ड चार्ल्सविरुद्धच्या दुसऱ्या फाइटला नाक असं फाटलं की फाइट थांबते की काय अशी वेळ आली, आणि त्याने आठव्यात चार्ल्सला संपवलं म्हणून निभावलं. अलीचा जॅब राउंडमागून राउंड त्याच नाकावर आणि भुवयांवर पडत राहिला असता, वर मार्सियानो १८५-१८८ पौंडांचा, अली २१० च्या पुढे. रेफरी किंवा डॉक्टर नवव्या-दहाव्याच्या आसपास मध्ये पडले असते असं मला वाटतं, फक्त त्याआधी अलीच्या दंडांची आणि बरगड्यांची काय हालत झाली असती हे ला स्टार्झाला किंवा चार्ल्सला भेटलेल्या मार्सियानोच्या जुन्या फिल्म्स बघून समजतं.