कोकरांसाठी लाल पट्टीचं पोतं की हिरव्या पट्टीचं? आधी चारा सांगा

आमच्याकडे कोकरांचं खाद्य घ्यायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "प्रोटीन किती टक्के?" लाल पट्टीच्या पोत्यात 20 टक्के, हिरव्या पट्टीच्या पोत्यात 13 टक्के. आकडा ऐकला की बहुतेकांचा हात लाल पोत्याकडे जातो. महिन्याभराने तक्रार येते की वजन वाढत नाही, खाद्यात दम नाही. चारा विचारला की उत्तर मिळतं, "लसूणघास." घोळ इथेच झालेला असतो, कारण लसूणघासात मुळातच भरपूर प्रोटीन असतं.

मेंढीच्या कोटीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) सूक्ष्मजीव पेंडीतलं आणि चाऱ्यातलं बरंचसं प्रोटीन फोडून त्याचा अमोनिया करतात. त्या अमोनियापासून ते स्वतःचं शरीर बांधतात आणि पुढे तेच पचून कोकराला प्रोटीन मिळतं. पण या बांधणीला ताकद लागते आणि ती मुख्यतः धान्यातून येते. धान्य कमी पडलं तर अमोनिया रक्तात उतरतो, यकृत त्याचा यूरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. यूरिया करायलाही ताकद खर्च होते. म्हणजे पेंडीचे पैसे जातात आणि वर वाढीला चाट बसते. मेंढ्यांच्या वाड्यात सकाळी डोळे चुरचुरतील इतका अमोनियाचा वास येत असेल, तर पेंड जास्त होत नाही ना, ते आधी तपासा.

20 किलोचं, दूध तुटलेलं कोकरू घ्या. ते दिवसाला साधारण 900 ग्रॅम सुकं खातं आणि बरी वाढ हवी असेल तर त्याला 115 ते 125 ग्रॅम प्रोटीन पुरतं. ज्वारीचा कडबा 400 ग्रॅम दिला तर त्यातून जेमतेम 15 ग्रॅम मिळतं. लाल पोत्यातलं 500 ग्रॅम त्यात 100 घालतं. बेरीज 115, हिशोब जुळला. आता कडब्याच्या जागी 400 ग्रॅम वाळलेली लसूणघास ठेवा. एकट्या घासातूनच 64 ग्रॅम येतं. वर लाल पोतं दिलं तर बेरीज 164, म्हणजे 40 ग्रॅम फुकट. हिरव्या पोत्यातलं 500 ग्रॅम दिलं तर बेरीज 129, आणि मका जास्त असल्याने ताकदही भरपूर. म्हणून टक्के नंतर, चारा आधी.

(हिरवी लसूणघास घालत असाल तर चौपट वजन धरा, तिच्यात पाणीच जास्त.)

लाल पोत्यात मका 46 भाग, सोयाबीन पेंड 24, सरकी पेंड 15, गव्हाचा कोंडा 12, बाकी खनिज मिश्रण आणि मीठ. हिरव्यात मका 68, कोंडा 21, सोयाबीन पेंड 8. दोन्हींत पेंडीऐवजी वरून घातलेला यूरिया नाही. तो स्वस्त पडतो, पण नीट न मिसळलेला एखादा गोळा तोंडात गेला तर कोकरू दगावतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वाढ दिसली नाही की लाल पोत्यावर आणखी मूठभर पेंड टाकणं. मग खाद्याचा तोल आमच्या हातात राहत नाही आणि तुमच्याही. उलट टोकाचीही मंडळी आहेत, कडबा आणि नुसता मका भरडा देणारी. तिथे सूक्ष्मजीवांना अमोनियाच मिळत नाही, कडबा पचत नाही, गव्हाणीत उरत जातो. शिवाय धान्य एकदम वाढवलं तर पोटात आम्ल साठतं: लेंडीऐवजी पातळ, आंबूस वासाची हगवण, कोकरू मान टाकून उभं. सुरुवात 100 ग्रॅमने करा, दर दोन-तीन दिवसांनी 50 ग्रॅम वाढवा. 500 ग्रॅमपर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागतात, ते लागू द्या. गव्हाचं पीठ किंवा शिळ्या भाकऱ्या वर घालू नका, त्यांचा स्टार्च मक्यापेक्षा झपाट्याने फुटतो.

सकाळी पेंड आणि संध्याकाळी धान्य असं वेगळं द्यायचं का, हेही विचारतात. मेंढीची लाळ थोडा यूरिया पोटात परत आणते, त्यामुळे तास-दोन तासांच्या फरकाने काही बिघडत नाही. पण सगळी पेंड एका वेळी आणि सगळं धान्य बारा तासांनी, हे टाळा. आमचं खाद्य एकत्र दळलेलं असतं ते यासाठीच. ते दिवसातून दोनदा विभागून द्या.

गाईंचं खनिज मिश्रण घरात पडून आहे म्हणून यात मिसळू नका. त्यात तांबं घातलेलं असतं. मेंढीच्या यकृतात ते साठत राहतं आणि काही आठवड्यांनी डोळे पिवळे, लघवी काळपट होऊन जनावर मरतं. आमच्या मिश्रणात वरून तांबं घातलेलं नाही, ही कसूर नाही.

तक्रार असेल तर जरूर फोन करा, पण तीन गोष्टी हाताशी ठेवा: कोणता चारा किती किलो, खाद्य किती ग्रॅम, आणि पंधरा दिवसांच्या अंतराने उपाशीपोटी केलेली दोन वजनं. नजरेचा अंदाज चालत नाही, लोकरीखाली दोन किलो सहज लपतात. पोत्यात काही मिसळलं असेल तर तेही सांगा. मिसळलेलं खाद्य आम्ही परत घेत नाही, पण चारा सांगितलात तर पोतं बदलून द्यायचं का ते फोनवरच ठरवता येतं.