‘हुर्रे’ : किंकाळी आणि शब्द यांच्या सीमेवर

‘हुर्रे’ला वाक्य लागत नाही. कर्ता, कर्म, क्रियापद यांतलं काहीही नसताना हा एक शब्द पूर्ण अर्थ पोचवतो. व्याकरणात अशा शब्दांना केवलप्रयोगी अव्ययं म्हणतात.

इंग्रजीत त्याची दोन रूपं आहेत. ‘हुर्रा’ थोडं भारदस्त, लिखाणातलं. ‘हुरे’ तोंडी, रोजच्या जल्लोषातलं. १६८०च्या दशकापासून ‘हुर्रा’ लिखाणात सापडतो. त्याआधी, सोळाव्या शतकात, ‘हझा’ होता. ही दर्यावर्दींची आरोळी असल्याचं जुने लेखक सांगतात, आणि ‘हुर्रा’ बहुधा तिच्यातूनच घडला. जर्मन, डॅनिश, स्वीडिश भाषांतही जवळपास हाच उच्चार आहे.

मग ही आनंदाची नैसर्गिक आरोळीच म्हणायची का? मला इथेच खरी गंमत वाटते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १३१ भाषांतले वेदना, किळस आणि आनंद व्यक्त करणारे उद्गार तपासले गेले. वेदनेच्या शब्दांत ‘आ’, ‘आय’, ‘आव’ असे स्वर जगभर पुन्हापुन्हा आढळले. आनंदाच्या शब्दांत मात्र असा कोणताच समान स्वर निघाला नाही. शब्दाविना काढलेल्या आनंदाच्या आवाजात ‘ई’ ठळक होता! म्हणजे किंकाळी शरीर देतं, पण तिचा शब्द होताना प्रत्येक भाषा आपली वाट धरते. ‘हुर्रा’त तो ‘ई’ नाहीच.

२०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही याला पूरक आहे. नामिबियातले हिंबा लोक आणि इंग्रजी भाषक यांना एकमेकांचे भावनिक आवाज ऐकवले. भीती, राग, दुःख दोघांनाही ओळखता आलं. आनंदी आवाजांपैकी हसू तेवढं दोन्हीकडे कळलं; काही साधल्यावरचा विजयाचा आवाज तसा कळला नाही. संशोधकांनी सुचवलेलं कारण मला पटतं: आनंदाचे आवाज मुख्यतः आपल्या गटातली जवळीक घट्ट करतात, त्यामुळे ते गटागटानुसार वेगळे होत जातात.

‘हुर्रे’चा सर्वांत प्रसिद्ध वापर अगदी याच कामाचा आहे. कुणाचं अभिनंदन करताना एक जण ‘हिप हिप’ म्हणतो, बाकीचे एका सुरात ‘हुर्रे’ म्हणतात. असं तीनदा.