काथ्याची जाळी कुजते, तरी वाया जात नाही

धूप झालेल्या उतारावर काथ्याची किंवा तागाची जाळी अंथरणे म्हणजे पैसे मातीत घालणे, कारण ती काही वर्षांत कुजून जाते, असा समज बराच काळ चालत आला आहे. जाळी कुजते हे खरेच. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. उतार कायमचा धरून ठेवणे हे मुळांचे काम असून जाळी केवळ गवत रुजेपर्यंतची मुदत मिळवून देते. तागाची जाळी साधारण 1 ते 2 वर्षे टिकते. काथ्यात लिग्निन, म्हणजे वनस्पतींच्या धाग्यांतला सावकाश कुजणारा कडक घटक, भरपूर असल्याने काथ्याची जाळी त्याहून अधिक काळ तग धरते. पावसानंतर जवळून पाहिले, तर आडव्या दोऱ्यांच्या वरच्या अंगाला गाळाची बारीक पट्टी साचलेली दिसते, आणि बी अडकते तेही तिथेच. काम फसते ते बहुधा अंथरण्यातल्या हयगयीमुळे: जाळी मातीला टेकलेली नसली, की पाणी तिच्याखालून वाहते आणि ओघळी झाकल्या राहून खोल होत जातात. म्हणून वरची कड चरात गाडून, खुंट्या ठोकून ती घट्ट बसवावी लागते. खोलवरून सरकणारी दरड मात्र अशा जाळीने थांबत नाही, गवतानेही नाही.