कर्ली खाडीतील कयाकिंग

कर्ली खाडीतील कयाकिंग : सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली-देवबागच्या मागच्या अंगाला, कर्ली नदीच्या मुखाजवळ वल्ह्याच्या लहान नावांतून केले जाणारे जलभ्रमण.

सह्याद्रीतून आलेली कर्ली नेरूरपारचा पूल ओलांडून रुंदावते, पण समुद्र समोर दिसत असूनही त्याला लगेच मिळत नाही. वाळूची एक चिंचोळी पट्टी आडवी येते आणि नदी तिच्या कडेकडेने दक्षिणेकडे वळते. देवबाग गाव याच पट्टीवर वसले आहे. पश्चिमेला लाटा, पूर्वेला खाडी आणि मधे माडांच्या बागा व घरे. एका बाजूला समुद्र गर्जत असताना परसदारी पाणी संथ असते, ते या पट्टीमुळे. पलीकडच्या तीरावर वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे.

येथे वापरतात ती कयाक बहुधा प्लॅस्टिकची, वर उघडी, एक किंवा दोन माणसांची असते. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची कनू इकडे रुजलेली नाही. तिची गरज स्थानिक मच्छीमारांच्या लहान होड्यांनी आणि उलांडी (तोल राखण्यासाठी बाजूला जोडलेले लाकूड) लावलेल्या नावांनी केव्हाच भागवली होती.

या खाडीत किती अंतर कापता येईल हे दंडांच्या ताकदीपेक्षा भरती-सुकतीवर (सुकती म्हणजे ओहोटी) ठरते. भरतीबरोबर आत शिरायचे आणि सुकतीबरोबर परतायचे, हा साधा हिशेब. मात्र सुकतीचा ओढ संगमाकडे, म्हणजे उघड्या समुद्राकडे असतो. मुखाजवळ तो भल्याभल्या वल्हेकऱ्यांना आवरत नाही. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ढोबळ नियम आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला सुमारे 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला पाणी पूर्ण चढते. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा तीच मोजणी. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे गणित जमते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. नवख्याने भांगाचे दिवस निवडावेत. पाणी कमी चढते-उतरते आणि ओढही सौम्य असतो.

मोठ्या यांत्रिक बोटी जिथे शिरत नाहीत तिथे कयाकचे खरे काम सुरू होते. काठाच्या कांदळवनातील अरुंद फाट्यांत कांदळाची कमानीसारखी आधारमुळे आणि तिवर-चिप्पीची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे अगदी हाताशी येतात. हात लावण्याआधी विचार करावा : मुळांना चिकटलेली कालवे पात्यासारखी कापतात. खंड्या आणि ब्राह्मणी घार हमखास दिसतात. सुकतीला उघड्या पडलेल्या चिखलात बायका तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) वेचत असतात; त्यांच्या अंगावरून नाव नेऊ नये, एवढे तारतम्य पर्यटकाला असावे. चिप्पीच्या कुळातील पांढरी चिप्पी हा 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.

संगमाजवळचा वाळूचा उंचवटा ‘सुनामी बेट’ म्हणून प्रसिद्ध झाला आहे. डिसेंबर 2004 च्या सुनामीत तो वर आला, असे सांगतात. नदीमुखाशी असे दांडे सुनामीविनाही तयार होतात आणि मोडतात, पण नाव गिऱ्हाईक आणते. भरतीला तो पाण्याखाली जातो, त्यावर यांत्रिक जलक्रीडांची गर्दी असते, आणि कयाकवाल्याने तिथून लांबच राहिलेले बरे.

हंगाम ऑक्टोबर ते मे. सकाळचे पहिले दोन-तीन तास उत्तम, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि हलकी कयाक भरकटते. जीवरक्षक जॅकेट अंगात घालून बंद लावलेले असावे. पायाशी ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. तेव्हा नदीला ‘हूर’ म्हणजे पूर येतो, जांभ्याच्या मातीने पाणी तांबडे होते आणि घाटावरून वाहत आलेले ओंडके संगमाकडे धावत असतात.