सुपरफंड स्थळाच्या स्वच्छतेत रहिवाशांचा सहभाग : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

अमेरिकेत बंद कारखान्याच्या, जुन्या कचराभूमीच्या किंवा रसायनांच्या गोदामाच्या जागेवरील घातक कचरा हटवण्याचे काम केंद्र शासन ज्या कायद्याखाली करते, तो डिसेंबर १९८० मध्ये झालेला कायदा ‘सुपरफंड’ याच नावाने ओळखला जातो. त्यामागची पार्श्वभूमी अशी : न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात रसायने पुरली गेली, वर शाळा आणि वस्ती उभी राहिली, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना तेथून हलवावे लागले. या प्रकरणात रहिवाशांनीच घरोघरी फिरून आजारांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. आजच्या व्यवस्थेत रहिवाशांना तीन ठिकाणी अधिकृतपणे हस्तक्षेप करता येतो : जागेच्या तपासणीची मागणी करताना, स्वच्छतेच्या आराखड्यावर अभिप्राय देताना आणि स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्यासाठी अनुदान मागताना. न्यू जर्सीत देशातील सर्वाधिक सुपरफंड स्थळे आहेत आणि कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीत संगणक-चिप उद्योगाने मागे ठेवलेली अशी अनेक स्थळे आहेत. या दोन्ही भागांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहत असल्याने हा विषय आपल्यापैकी अनेकांच्या घराजवळचा आहे.

तपासणीची मागणी

आपल्या परिसरातील एखाद्या जागेतून घातक द्रव्ये पसरत आहेत किंवा पसरण्याची शक्यता आहे असे वाटल्यास कोणतीही व्यक्ती पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, प्राथमिक तपासणीसाठी विनंतीअर्ज करू शकते. नियमातील शब्द ‘कोणतीही व्यक्ती’ असे आहेत. नागरिकत्वाची किंवा घर स्वतःच्या मालकीचे असण्याची अट नाही. अर्जासाठी ठरावीक नमुना नसून स्वाक्षरी केलेले पत्र पुरते. ते ईपीएच्या संबंधित विभागीय प्रशासकाच्या नावे असावे. देशात असे दहा विभाग आहेत. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क ही राज्ये दुसऱ्या विभागात, तर कॅलिफोर्निया नवव्या विभागात येते.

पत्रात अर्जदाराचे पूर्ण नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक, जागेचे शक्य तितके नेमके वर्णन आणि त्या प्रदूषणाचा अर्जदारावर काय परिणाम होतो किंवा होऊ शकतो, या गोष्टी आवश्यक आहेत. द्रव्ये कोणती, तेथे पूर्वी कोणता उद्योग चालत होता, राज्य किंवा स्थानिक अधिकाऱ्यांना आधी कळवले होते का आणि त्यांनी काय उत्तर दिले, ही माहिती उपलब्ध असेल तेवढी द्यावी. वर्णन ‘हमरस्त्याजवळची पडीक जागा’ असे मोघम लिहिण्यापेक्षा चौकाचे नाव, भूखंड क्रमांक, कुंपणाबाहेर पाणी साचते ती बाजू आणि दिनांक घातलेली छायाचित्रे दिल्यास तपासणी करणाऱ्याचे काम सोपे होते. विनंती मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत ईपीएने एकतर प्राथमिक तपासणी पूर्ण करावी किंवा ती का योग्य नाही याचे कारण द्यावे, असे कायद्याचे बंधन आहे. मात्र कच्चे तेल व पेट्रोल या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेले असल्याने पेट्रोल पंपाच्या गळक्या टाकीची तक्रार येथे करून उपयोग नाही. तसेच गळती डोळ्यांदेखत चालू असेल तर पत्र लिहीत बसू नये. गळतीच्या तातडीच्या सूचना घेणाऱ्या नॅशनल रिस्पॉन्स सेंटर या केंद्र शासनाच्या कक्षाला लगेच फोन करावा.

यादी आणि अभिप्राय

तपासणीनंतर जागेला धोक्याचे गुण दिले जातात. ते २८.५ किंवा त्याहून अधिक भरले तर ती राष्ट्रीय प्राधान्य यादीसाठी, म्हणजे सर्वांत गंभीर सुपरफंड स्थळांच्या यादीसाठी, पात्र ठरते. यादीत घालण्याचा प्रस्ताव राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि त्यावर साधारणपणे ६० दिवस अभिप्राय घेतले जातात.

रहिवाशांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा टप्पा बऱ्याच काळाने येतो. सविस्तर अभ्यास झाल्यावर ईपीए कोणता उपाय योजू इच्छिते हे ‘प्रस्तावित आराखड्या’त मांडते, सार्वजनिक सभेची संधी देते आणि किमान ३० दिवस लेखी व तोंडी अभिप्राय स्वीकारते. वेळेत मागणी केल्यास ही मुदत आणखी किमान ३० दिवसांनी वाढवावी लागते. मूळ कागदपत्रे शेकडो पानांची असतात, म्हणून ही मागणी पहिल्याच आठवड्यात लेखी करून ठेवावी असे माझे मत आहे. उपाय निवडताना तपासल्या जाणाऱ्या नऊ निकषांपैकी एक निकष ‘स्थानिक समाजाची स्वीकृती’ हा आहे, आणि आलेल्या महत्त्वाच्या अभिप्रायांना निवडलेला उपाय नोंदवणाऱ्या अंतिम ‘निर्णयपत्रा’सोबत लेखी उत्तर देणे ईपीएवर बंधनकारक आहे.

अभिप्रायासाठी शुल्क नाही, पात्रता नाही, ओळखपत्र नाही. परंतु ‘आम्हाला काळजी वाटते’ एवढेच लिहिले तर उत्तरही तितकेच ढोबळ येते. समजा, भूजलात ट्रायक्लोरोइथिलीन हे कारखान्यांत वंगण काढण्यासाठी वापरले जाणारे घातक द्रावक आहे आणि आराखडा ते नैसर्गिकरीत्या कमी होण्याची वाट पाहण्यावर भर देतो. अशा वेळी कोणत्या विहिरीत, किती वर्षांत, कोणत्या पातळीपर्यंत ते खाली येईल, तसे झाले नाही तर पर्यायी उपाय काय, आणि जमिनीतून वर येणारी वाफ घरांच्या तळमजल्यांत शिरते का हे कोणत्या ऋतूत मोजले, असे प्रश्न पानाच्या क्रमांकासह विचारावेत. ही कागदपत्रे जवळच्या ग्रंथालयात किंवा ऑनलाइन ठेवलेल्या माहिती-संग्रहात पाहता येतात. संग्रह कुठे आहे हे त्या स्थळासाठी नेमलेल्या ईपीएच्या समाज सहभाग समन्वयकाकडून कळते.

तांत्रिक साहाय्य अनुदान

कागदपत्रे समजावून देणारा स्वतंत्र तज्ज्ञ रहिवाशांना नेमता यावा म्हणून १९८६ च्या दुरुस्तीने ‘तांत्रिक साहाय्य अनुदान’, म्हणजेच टॅग, सुरू झाले. सुरुवातीची रक्कम ५०,००० डॉलरपर्यंत असते. हे अनुदान व्यक्तीला मिळत नाही, प्रदूषणाची झळ बसू शकणाऱ्या रहिवाशांच्या गटाला मिळते, आणि एका स्थळासाठी एका वेळी एकच गट मान्य होतो. स्थळ राष्ट्रीय प्राधान्य यादीत असावे, किंवा यादीसाठी प्रस्तावित असून तेथे स्वच्छतेची कारवाई सुरू झालेली असावी. गटाची ना-नफा संस्था म्हणून नोंदणी लागते. प्रदूषणाला जबाबदार धरली जाऊ शकणारी कंपनी, नगरपालिका आणि शैक्षणिक संस्था अपात्र आहेत. त्यांनी स्थापन केलेला किंवा त्यांच्या पैशावर चालणारा गटही अपात्र ठरतो.

प्रक्रियेची सुरुवात इरादापत्राने होते. त्यात गटाचे नाव, स्थळाचे नाव, संपर्क-व्यक्तीचा तपशील आणि अर्ज करण्याचा स्पष्ट हेतू एवढे लिहायचे असते. त्यानंतर ईपीए परिसरात सूचना देते आणि इतर इच्छुक गटांना एकत्र येण्यासाठी ३० दिवस मिळतात. औपचारिक अर्जात एसएफ-४२४ हा केंद्र शासनाचा नमुना, अंदाजपत्रक, तज्ज्ञाकडून करून घ्यायच्या कामाचा आराखडा, नोंदणीचा पुरावा आणि आवश्यक प्रमाणपत्रे जोडावी लागतात. त्याआधी सॅम डॉट गव्ह या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करून संस्थेचा यूईआय, म्हणजे शासकीय ओळख क्रमांक, घ्यावा. ही नोंदणी विनामूल्य आहे. ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थांची गरज नाही.

एकूण खर्चाच्या २० टक्के वाटा गटाने उचलायचा असतो, म्हणजे ५०,००० डॉलर मिळवण्यासाठी १२,५०० डॉलरचा. हा आकडा पाहून अनेक गट मागे फिरतात, पण तो रोख असण्याची सक्ती नाही. स्वयंसेवकांचे तास, सभेसाठी विनामूल्य मिळालेली जागा, हिशेब लिहून देणाऱ्याची सेवा यांचे मूल्य धरता येते, म्हणून पहिल्या बैठकीपासून उपस्थिती आणि तासांची वही ठेवावी. खरी अडचण असल्यास ही अट शिथिल करण्याची विनंतीही करता येते. पैसा बहुतांशी खर्चाची भरपाई म्हणून मिळतो. सुरुवातीच्या कामासाठी ५,००० डॉलरपर्यंत आगाऊ मागता येतात. दर तिमाहीला प्रगती-अहवाल द्यावा लागतो.

या पैशातून न्यायालयीन लढाई, नवे नमुने घेणे, रक्ताच्या किंवा लघवीच्या चाचण्या, तसेच ईपीएचा अंतिम निर्णय पुन्हा उघडण्याचे प्रयत्न करता येत नाहीत. या शेवटच्या बंधनामुळे वेळेला फार महत्त्व येते. निर्णयपत्र निघाल्यावर नेमलेला तज्ज्ञ झालेला निर्णय समजावून सांगेल आणि त्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवेल, परंतु उपाय निवडण्यात त्याचा उपयोग होणार नाही. म्हणून इरादापत्र अभ्यासाचा टप्पा चालू असतानाच द्यावे, प्रस्तावित आराखड्याची वाट पाहू नये.

निर्णयानंतरही दोन संधी राहतात. जागेवर प्रदूषण शिल्लक ठेवून तिच्या वापरावर निर्बंध घातले असतील तर दर पाच वर्षांनी आढावा होतो आणि त्यात रहिवाशांचे म्हणणे मांडता येते. आणि स्थळ यादीतून वगळण्याचा प्रस्ताव निघतो तेव्हा त्यावरही किमान ३० दिवस अभिप्राय स्वीकारले जातात.