8 गुंठे, 18 गुंठे आणि करणीचं सोपं रूप

एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर, हे मराठवाड्यात शेतकऱ्याच्या घरातल्या लेकराला पाठ असतं. पण तेच लेकरू नववीत जातं आणि पुस्तकात "करणीचे सोपे रूप द्या" (करणी म्हणजे √8 सारखं, पूर्ण न निघणारं मूळ) आलं की घाबरतं, कारण ते सोपं कशासाठी करायचं हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

समजा जालना रोडला लागून दोन चौरस प्लॉट आहेत, एकमेकाला चिकटून, एक 8 गुंठ्यांचा आणि दुसरा 18 गुंठ्यांचा, आणि रोडच्या बाजूनं तार ओढायचीय. चौरसाची बाजू म्हणजे क्षेत्रफळाचं वर्गमूळ, म्हणून 33 फुटाच्या मापात लांबी झाली √8 + √18. इथं बरीच पोरं झटकन 8 अन् 18 मिळवून √26 लिहून मोकळी होतात. त्या हिशोबानं तार येते 168 फूट, आणि प्रत्यक्षात लागते 233 फूट!

आता नीट बघा. 8 चे मूळ अवयव पाडले तर 2×2×2, त्यातली 2 ची जोडी मुळातून एक 2 होऊन बाहेर येते, आत एक 2 उरतो, म्हणून √8 म्हणजे 2√2. 18 म्हणजे 2×3×3, इथं 3 ची जोडी बाहेर येते, म्हणून 3√2. दोन्हीकडं आत √2 च आहे, म्हणजे या सरूप करण्या, मग बेरीज सरळ 5√2. 5 परत आत नेला तर 25×2, म्हणजे √50. थोडक्यात रोडची ती लांबी 26 नाही तर 50 गुंठ्यांच्या चौरसाची बाजू आहे.

मग वरचे 24 गुंठे आले कुठून? कागदावर 5√2 बाजूचा मोठा चौरस काढा, एका कोपऱ्यात 8 चा चौरस आणि समोरच्या कोपऱ्यात 18 चा, तर उरलेल्या दोन कोपऱ्यांत दोन आयत राहतात, प्रत्येक 2√2 × 3√2, म्हणजे 12 गुंठ्यांचा. हे दोन आयत विसरले की √26 येतं. भास्कराचार्यांनी 1150 साली 'बीजगणित' या ग्रंथात करण्यांच्या बेरजेचा हाच नियम दिलाय, दोन संख्यांची बेरीज घ्या, त्यात त्यांच्या गुणाकाराच्या मुळाची दुप्पट मिळवा, म्हणजे 26 + 2√144 = 50, मला तर हे फारच भारी वाटतं.

सगळ्याच करण्या सोप्या होतात असं नाही, 30 म्हणजे 2×3×5, जोडीच नाही, त्यामुळं √30 तसंच ठेवायचं. आणि छेदात √2 आला तर वर-खाली √2 नं गुणायचं, कारण √2 म्हणजे साधारण 1.414, आणि 1.414 नं भागत बसण्यापेक्षा 1.414 ला 2 नं भागणं कधीही सोपं.

एकराचंही करून बघा. √40 म्हणजे 2√10, आणि 10 गुंठ्यांच्या चौरसाची बाजू √10. कॅल्क्युलेटर न लावता कळतं की जमीन चौपट झाली तरी बाजू दुप्पटच होते, म्हणून चारी बाजूनं कुंपणाची तारही दुप्पटच लागते, आणि 90 गुंठ्याला 3√10, म्हणजे 10 गुंठ्याच्या तिप्पट.